खाटेपाशी बसणाऱ्यांसाठी

गेल्या अंकात आम्ही हॉस्पिटलातल्या वागण्याबद्दल प्रश्न मागवले होते: पेशंटने कसं राहावं, सोबत थांबणाऱ्याने काय करावं, भेटायला येणाऱ्यांनी काय टाळावं. आलेल्या पत्रांत प्रश्नांपेक्षा तक्रारी जास्त आहेत. आत सोडत नाहीत, सिस्टर ओरडतात, डॉक्टर धड बोलत नाहीत. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एकच दिसतं. हॉस्पिटलात नियम सांगितला जातो, त्यामागचं कारण सांगायला कुणाला वेळ नसतो. म्हणून इथे कारणासकट लिहितो आहोत.

प्रश्न : आई आयसीयूत होती. गावाकडून जीप करून अकरा जण भेटायला आले. वॉचमनने दोघांनाच सोडलं, तेही पाच-पाच मिनिटं. बाकीचे दारातून परत गेले आणि अजून बोलून दाखवतात. एवढी सक्ती कशासाठी? (कोल्हापूर जिल्हा)

इतक्या लांबून आलेल्या माणसांना आई दिसलीसुद्धा नाही, वाईट वाटणारच. पण आयसीयूतल्या पेशंटच्या अंगात तीन-चार नळ्या असतात. एक मानेतल्या मोठ्या शिरेत, एक लघवीची, एक नाकातून पोटात, कधी एक श्वासनलिकेत. कातडी आणि घसा हे शरीराचं कुंपण. प्रत्येक नळी म्हणजे त्या कुंपणाला पाडलेलं खिंडार. तिथे पोहोचणारे जंतू बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरून येतात. जीपचा दांडा, मोबाईल, लिफ्टचं बटण आणि मग आईचा हात, असा त्यांचा प्रवास असतो. अकरा माणसं म्हणजे बावीस हात.

आत जाताना बांगड्या-घड्याळ वर सारा, सॅनिटायझर तळहातभर घ्या आणि बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं चोळत 20 ते 30 सेकंद हात कोरडे होऊ द्या. रुमालाने पुसू नका. हात मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर साबण आणि पाणीच वापरा, 40 ते 60 सेकंद. जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. बाहेर येतानाही हेच करा. आत जाताना बहुतेक जण हात धुतात, बाहेर येताना विसरतात आणि वाटेत शेजारच्या खाटेच्या कठड्याला हात लावतात. सर्दी, खोकला, ताप, डोळे आलेला माणूस आणि लहान मूल यांनी त्या दिवशी आत जाऊच नये.

मिळालेल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. व्हेंटिलेटरवरचा माणूस बोलू शकत नाही, पण अनेकदा त्याला ऐकू येत असतं. खाटेजवळ उभं राहून ‘काही खरं नाही आता’ असं कुजबुजू नका. हात हातात घ्या, आपलं नाव सांगा, आज वार कोणता, सकाळ की संध्याकाळ, तुम्ही कुठे आहात, घरी सगळं कसं चाललंय ते सांगा. आयसीयूत दिवा रात्रंदिवस चालू असतो, झोप तुटक असते. वयस्कर पेशंटला भ्रम होतो, ते बरळतात, नळ्या ओढतात. ओळखीचा आवाज, स्वतःचा चष्मा आणि कानातलं यंत्र याने त्यांना पुष्कळ आधार मिळतो. घाईत भरती करताना चष्मा घरीच राहतो. सिस्टरला विचारून तो आणून द्या, डबीवर नाव लिहून.

आईचे हात मऊ पट्टीने बांधलेले दिसले तर बघवत नाही, आणि इथेच बरीच भांडणं होतात. श्वासाची नळी ओढून काढली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, म्हणून ते करावं लागतं. मात्र पट्टीखाली दोन बोटं शिरतील इतकी ती सैल असली पाहिजे आणि बोटं निळी, थंड किंवा सुजलेली नकोत. हे बघा आणि सिस्टरला विचारा, ‘मी शेजारी आहे तोवर सोडता येईल का?’ पुष्कळदा सोडतात.

गावाकडच्यांसाठी एक करा. रोज संध्याकाळी एकाच माणसाने तब्येतीचा निरोप सगळ्यांना द्यायचा आणि ‘घरी आणल्यावर या’ हे त्यातच सांगायचं. असं नीट कळलं की जीप निघत नाही.

प्रश्न : वडिलांची सलाईन फार हळू चालली होती. सिस्टर येईनात म्हणून मी चाक फिरवून वेग वाढवला. सिस्टर सगळ्यांसमोर ओरडल्या. माझं काय चुकलं? (जालना)

सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं. पण चाकाला हात लावायलाच नको होता.

साध्या सेटमध्ये साधारण 20 थेंबांचा एक मिलिलीटर होतो. अर्धा लिटरची बाटली चार तासांत द्यायची तर मिनिटाला 42 थेंबांच्या आसपास पडतात. तीच आठ तासांत द्यायची तर 21. बघणाऱ्याला हे ‘अडकल्यासारखं’ वाटतं. वेग मुद्दाम ठरवलेला असतो. हृदय किंवा किडनी कमकुवत असेल तर भराभर गेलेलं पाणी फुप्फुसात उतरतं आणि धाप लागते. बाटलीत पोटॅशियम मिसळलेलं असेल आणि ती भरकन गेली तर हृदयाचे ठोके बिघडून ते बंद पडू शकतं. पोटॅशियम मिसळलेलं पाणी दिसायला साध्या सलाईनसारखंच असतं, म्हणून बाहेरून काही कळत नाही.

उलटी भीतीही असते. बाटली संपली की हवा शिरेत जाऊन माणूस मरतो, या समजाने नातेवाईक रात्रभर डोळ्याला डोळा लावत नाहीत. हातावरच्या साध्या सलाईनमध्ये बाटली रिकामी झाली की नळीतलं पाणी थोडं खाली उतरून थांबतं, कारण शिरेतलं रक्त त्याला उलट ढकलत असतं. मग रक्त नळीत चढलेलं दिसतं. त्यात धोका वेगळाच: ते रक्त गोठून सुई बंद पडते आणि पुन्हा टोचावं लागतं. म्हणून बाटलीत दोन बोटं पाणी उरलं की सांगून या, रिकामी होण्याची वाट बघू नका.

लक्ष ठेवायचं ते इथे: सुईच्या जागी सूज येतेय का, आग होतेय का, ती जागा लाल किंवा गार पडलीय का. यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका, ताबडतोब बोलवा. औषध शिरेबाहेर झिरपत असण्याची शक्यता असते.

बाकीच्या नळ्यांचंही इथेच सांगतो. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. पेशंटला ट्रॉलीवर घेताना वॉर्डबॉयला मदत म्हणून नातेवाईक ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात. पिशवीतली शिळी लघवी नळीतून परत मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्ग होतो. छातीत नळी असेल तर खाली पाणी भरलेली बाटली असते. ती छातीच्या खाली आणि उभीच राहिली पाहिजे. खाटेखालून चपला काढताना पाय लागून ती कलंडते. कलंडली तर लगेच सरळ उभी करा, सिस्टरला हाक मारा आणि नळी दाबून धरू नका. ऑक्सिजनचा आकडा वाढवणं हीसुद्धा नको ती मदत. बरीच वर्षं बिडी-सिगारेट ओढून फुप्फुसं खराब झालेल्या माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. अशांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 88 ते 92 टक्के असंच ठेवतात. मॉनिटरवर 90 दिसलं म्हणून घाबरून नळ फिरवू नका. डॉक्टरांना ‘यांचं किती असायला हवं?’ एवढं विचारून ठेवा.

प्रश्न : हॉस्पिटलचं जेवण वडिलांच्या तोंडाला लागत नाही. घरून डबा, शहाळं, फळं नेली तर सिस्टर परत पाठवतात. घरचं जेवण कसं काय वाईट? (नागपूर)

घरचं जेवण वाईट नाही. ते कुणाला, कधी आणि कसं भरवलं जातं त्यावर सगळं आहे. तुम्ही आजार कळवलेला नाही, म्हणून चार ठिकाणी काय चुकतं ते सांगतो.

पहिला, किडनीचा पेशंट. शहाळं म्हणजे औषध, अशी आपली पक्की समजूत आहे. पण मोठ्या शहाळ्याच्या पाण्यात एका केळ्याइतकं तरी पोटॅशियम असतं. ज्याची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही त्याच्या रक्तात ते साचतं आणि हृदयाचा ठोका चुकतो. केळी, मोसंबीचा रस, पालेभाजीचं सूप, सगळ्याचं तेच. ‘कमी सोडियमचं’ मीठ तर अशा पेशंटच्या डब्यात घालूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच भरलेलं असतं.

दुसरा, इन्सुलिनवरचा पेशंट. हॉस्पिटलचं जेवण येण्याआधी इन्सुलिन दिलं जातं. वडील म्हणतात, ‘नको, घरून डबा येतोय.’ डबा ट्रॅफिकमध्ये अडकतो. तासाभरात घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डबा द्यायचाच असेल तर त्याची वेळ सिस्टरला आधी सांगा, म्हणजे इन्सुलिन त्या बेताने देता येतं. इन्सुलिन दिल्यावर जेवण लांबलं तर हॉस्पिटलचं ताट समोर असेल ते खाऊ घाला.

तिसरा, अर्धांगवायूचा पेशंट. इथे जीवच जातो म्हणून ठासून सांगतो. झटका आल्यावर गिळायचे स्नायू लुळे पडलेले असू शकतात. गिळणं तपासल्याशिवाय पाण्याचा चमचाही देऊ नका. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं, काही वेळा साधा ठसकाही लागत नाही आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. परवानगी मिळाल्यावरही पेशंटला सरळ बसवून, अर्धा चमचा भरवून, गिळल्याची खात्री करून मगच पुढचा घास द्या. आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा झाला तर थांबा. नाकातल्या नळीतून पेज देत असाल तर उशाकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी आणि दिल्यानंतर अर्धा तास तशीच राहू द्या.

चौथा, ऑपरेशनला जाणारा. ‘काही खायचं-प्यायचं नाही’ याचा अर्थ दोन घोट चहासुद्धा नाही. भूल दिल्यावर घशाची राखण सुटते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. साधारणपणे जेवण भूल देण्याच्या किमान 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधी. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, जेवणात धरतात. तुम्हाला जी वेळ सांगितली असेल तीच पाळा. चुकून काही घेतलं गेलं तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. ऑपरेशन चार तास पुढे गेलं तर काही बिघडत नाही.

यातलं काहीच लागू नसेल तर सिस्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारून खुशाल डबा न्या. वरण-भात, मऊ खिचडी, ताजी पोळी, एका वेळेपुरती. उरलेलं खिडकीत झाकून ठेवू नका, आणि शेजारच्या खाटेवरच्याला प्रेमाने वाटी देऊ नका. त्याचं पथ्य तुम्हाला माहीत नसतं. पेशंट किती प्याला ते मात्र टिपून ठेवा. पेला 200 मिली, चहाचा कप 100 मिली, असं आधीच मोजून घ्या. चिठ्ठीवर ‘सकाळी 7, चहा 1 कप’ एवढं लिहिलेलं असलं की सिस्टरला त्याचा खरोखर उपयोग होतो.

प्रश्न : आजींना अंगारा लावू देत नाहीत, तीर्थ देऊ देत नाहीत. देवाचंही वावडं का? (सोलापूर)

सिस्टरला विचारून कपाळावर चिमूटभर अंगारा लावला तर सहसा कुणी अडवत नाही. जखमेवर, सुईच्या जागी किंवा नाकातल्या नळीजवळ तो लावू नका. तीर्थाला वर लिहिलेलाच नियम: तोंडाने काही द्यायचं नसेल तर तीर्थही नाही, डोळ्यांना लावा. उदबत्ती, निरांजन, मिरच्या-मीठ जाळून दृष्ट काढणं मात्र वॉर्डात अजिबात नको. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो झिरपलेल्या चादरीला, गादीला ठिणगी लागली तर आग विझवायला सवड मिळत नाही. दृष्ट घरी, फोटोवरून काढा.

प्रश्न : माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. पेशंट म्हणून मी काय तयारी करू, काय सांगू? (चिपळूण)

चालू असलेल्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं तोंडपाठ सांगताना चूक होते. रक्त पातळ करणारी गोळी, डायबेटिसच्या गोळ्या, वैद्यांचा काढा किंवा भस्म, सगळं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका; कधी थांबवायची ते तारखेसह लिहून मागा. पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं का, भुलीचा त्रास झाला होता का, कवळी आहे का, दात हलतो का, हेही सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हलता दात माहीत असावा लागतो.

आणि दारू. रोज घेत असाल तर किती, कधीपासून आणि शेवटची कधी, हे खरं सांगा. रोजची दारू भरतीमुळे एकदम सुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, भास होतात, फिट येऊ शकते. ऑपरेशन नीट होऊनही माणूस इथे दगावू शकतो. आधी माहीत असेल तर यावर औषध आहे. बायको-मुलांसमोर सांगायला अवघड वाटत असेल तर ‘मला एकट्याने बोलायचंय’ म्हणा, डॉक्टर त्यांना बाहेर थांबवतील. तंबाखू-मिश्रीचंही सांगून टाका.

नखांचा रंग, बोटांवरची गडद मेंदी बोटाला लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राला अडथळा करते, तेव्हा एक बोट तरी मोकळं हवं. दागिने घरी ठेवा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठताना एकटे उठू नका. आधी खाटेवर पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसा, चक्कर नाही ना बघा, मग आधार घेऊन उभे राहा. संडासाला आतून कडी लावू नका. बाहेर माणूस उभा करा. घसरून पडणं बहुधा तिथेच होतं.

प्रश्न : एमआरआयला सोबत आत जाऊ देत होते, पण माझी किल्ली आणि मोबाईलही काढून घेतला. (ठाणे)

बरोबर केलं. एमआरआयचा चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. 2018 साली मुंबईत पेशंटबरोबर ऑक्सिजनचं सिलेंडर घेऊन त्या खोलीत गेलेला एक नातेवाईक मशीनकडे ओढला जाऊन दगावला. किल्ल्या, सेफ्टी पिना, केसांचे आकडे, पट्ट्याचं बक्कल, जोडवी, मंगळसूत्र, एटीएम कार्ड, श्रवणयंत्र सगळं बाहेर. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, वेल्डिंगचं काम करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, हे पेशंटने आणि सोबत जाणाऱ्यानेही सांगायचं.

प्रश्न : डॉक्टर राउंडला येतात, अर्धा मिनिट थांबतात आणि जातात. विचारायचं कधी? मुलगा अमेरिकेतून फोन करून डॉक्टरांशी बोलायचं म्हणतो. (पुणे)

घरातला एकच माणूस बोलणारा ठरवा आणि त्याचं नाव व नंबर फाइलवर लिहून घ्या. सकाळी मुलीला, दुपारी पुतण्याला आणि रात्री जावयाला वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगतात आणि घरात ‘काहीतरी लपवतायत’ असा संशय शिरतो. राउंडची वेळ सिस्टरला विचारून त्या वेळी खाटेजवळच राहा, चहाला जाऊ नका. प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहा, तीनच. निदान काय? आज काय बदललं आणि पुढच्या 24 तासांत कशाची वाट बघतोय? कोणती लक्षणं दिसली तर आम्ही लगेच हाक मारायची? अर्ध्या मिनिटातही याची उत्तरं मिळतात. सविस्तर बोलायचं असेल तर वेगळी वेळ मागा आणि अमेरिकेतल्या मुलाला त्याच वेळी स्पीकरवर घ्या, डॉक्टरांना आधी विचारून. न सांगता रेकॉर्डिंग करू नका. एकदा ते लक्षात आलं की डॉक्टर जपून, मोजकंच बोलतात आणि नुकसान तुमचंच होतं.

कागदपत्रांवर तुमचा हक्क आहे. लेखी मागणी केल्यावर डॉक्टरांनी 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि भरती पेशंटच्या नोंदी किमान 3 वर्षं जपायच्या असतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

प्रश्न : नात झाली तेव्हा मावशी आणि वॉर्डबॉय पेढ्यांबरोबर पैसेही मागत होते. द्यावेत का? (बीड)

नाही. पेढे सगळ्या स्टाफला मिळून द्या, नाव घेऊन आभार माना, चांगलं काम केलं असेल तर ते लेखी कळवा; त्याची नोंद होते. पैसे दिले की पुढच्या बाईची चादर बदलायलाही पैसे लागतात, आणि तिच्याकडे ते नसतात. मागणी फारच झाली तर मेट्रनना किंवा अधीक्षकांना सांगा.

प्रश्न : वॉर्डात फोटो, व्हिडिओ कॉल चालतो का? (नाशिक)

आपल्या पेशंटशी व्हिडिओ कॉल चालेल, इयरफोन लावून, तेही फक्त त्याचा चेहरा दिसेल असा. मागच्या खाटेवर उघडं अंग पुसून घेणारी बाई तुमच्या चौकटीत येते आणि घरच्या ग्रुपवर पोहोचते. नळ्या लावलेल्या, शुद्ध नसलेल्या माणसाचा फोटो तर ग्रुपवर टाकूच नका. शुद्धीवर आल्यावर तो त्याला बघावा लागतो.

प्रश्न : सकाळी डिस्चार्ज सांगितला, संध्याकाळी मिळाला. बिलावरून वाद झाला. अशा वेळी काय करायचं? (छत्रपती संभाजीनगर)

डॉक्टरांनी ‘आज घरी’ म्हटल्यावर फाइल फिरते: डिस्चार्ज कार्ड टाइप होणं, उरलेली औषधं मेडिकलमध्ये परत जाणं, लॅबचे आकडे चढणं, बिल, मग विमा. विमा कॅशलेस असेल तर हॉस्पिटलची अंतिम मागणी पोहोचल्यापासून 3 तासांत कंपनीने निर्णय द्यावा, असं विमा नियामकाने 2024 मध्ये घालून दिलं आहे. घड्याळ मागणी गेल्यापासून चालतं, म्हणून बिलिंगला ‘मागणी किती वाजता पाठवली’ हेच विचारा. आदल्या दिवशीच उरलेली औषधं मूळ बिलासह परत करा. कापलेली पट्टी आणि फ्रीजमधली औषधं सहसा परत घेत नाहीत.

बिलाचं खरं काम भरतीच्या दिवशी असतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत खासगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, ती वाचा. रोज संध्याकाळी आतापर्यंतचं बिल मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. आधार आणि रेशनकार्ड घेऊन भरती होतानाच त्याला भेटा, कारण ही योजना कॅशलेस आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार रुपये. तहसीलदारांचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे जा. रिसेप्शनवर विचारलं तर अनेकदा ‘नाही’ असं उत्तर मिळतं.

बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तसं झालं तर हुज्जत न घालता आधी पोलिसांना आणि महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करा.

प्रश्न : उपचारात चूक झाली असं वाटलं तर राग अनावर होतो. अशा वेळी नातेवाइकांनी काय करावं? (जळगाव)

एकाला तरी रडणाऱ्यांपासून बाजूला काढा आणि त्याच्याकडे कागदांचं काम द्या. फाइलच्या प्रतीसाठी अर्ज, वेळा टिपून ठेवणं आणि शवविच्छेदनाचा निर्णय. हा निर्णय अंत्यसंस्काराआधीच घ्यावा लागतो, नंतर सिद्ध करायला फारसं काही उरत नाही. तक्रार वैद्यकीय अधीक्षकांकडे, डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे. तिथे मुदत 2 वर्षांची आहे. सोबत आलेल्या ‘बघून घेतो’ म्हणणाऱ्या पुढाऱ्याला मात्र फाटकाबाहेरच थांबवा. 2010 च्या राज्याच्या कायद्यानुसार हॉस्पिटलात मारहाण किंवा तोडफोड केली तर 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे; गुन्हा अजामीनपात्र आहे. तोडफोड झाली की मूळ तक्रार मागे पडते आणि तुमचाच मुलगा आरोपी होतो. शिवाय त्या रात्री कॅज्युअल्टी बंद पडते आणि पुढच्या ॲम्ब्युलन्समधला माणूस दुसरीकडे न्यावा लागतो.

प्रश्न : रात्री सोबत थांबणाऱ्याने काय न्यावं, कुठे झोपावं? (मुंबईत उपचारासाठी आलेले, परभणी)

पातळ सतरंजी, नाव घातलेली पाण्याची बाटली, स्वतःची रोजची औषधं दोन दिवसांची, वही-पेन, चार्जर. वॉर्डात व्हेंटिलेटर किंवा पंपाचा प्लग काढून मोबाईल लावू नका, आणि खाटेखाली किंवा ट्रॉलीच्या वाटेवर झोपू नका. रात्री धावत येणाऱ्या सिस्टरला तुम्ही दिसत नाही. पेशंटच्या खाटेवर आडवं होऊ नका. उरलेलं अन्न, चहाचे कप काळ्या किंवा हिरव्या डब्यात टाका. पिवळा, लाल, पांढरा आणि निळा डबा हॉस्पिटलच्या कचऱ्याचा, त्यातल्या सुया हातात घुसतात.

मुंबईत कॅन्सरच्या उपचारासाठी महिनोन्‌महिने राहावं लागणार असेल तर फुटपाथवर पथारी टाकण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशाच पेशंटांसाठी आहे. हॉस्पिटलची कागदपत्रं सोबत ठेवा. केमो चालू असलेल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा त्याच्याजवळ फुलं, कच्ची कोशिंबीर आणि कापून ठेवलेली फळं नकोत. थर्मामीटर जवळ ठेवा. अशा पेशंटला 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर सकाळ होण्याची वाट न बघता, रात्री दोन वाजले असले तरी, त्याला घेऊन कॅज्युअल्टीत जा आणि दारातच सांगा, ‘केमोचा पेशंट आहे, ताप आहे.’